पुण्यात नव्याने राहायला येताय? फ्लॅटच्या आधी उपनगर निवडा

नोकरीचं पत्र लातूरच्या, नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या पत्त्यावर येतं, रुजू व्हायची तारीख महिन्यावर असते आणि घरात मोबाईलवर फ्लॅटचे फोटो बघायला सुरुवात होते. किती बेडरूम, कितवा मजला, स्वयंपाकघराला कोरडी बाल्कनी आहे का, भाडं किती, हीच चर्चा सुरू होते. पण घरातल्या फरशा आणि रंग नंतर बदलता येतात. पाणी कुठून येतं, कामावर पोहोचायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात गल्लीत काय होतं, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळं परिसर ठरवतो आणि ते एकट्या माणसाला बदलता येत नाही. म्हणून आधी परिसर आणि मग घर, हा क्रम धरावा. पुण्यात येणाऱ्या कुटुंबासाठी परिसर कसा पारखायचा, ते या लेखात एकेक करून पाहू.

‘पुणे’ म्हणजे नेमकं कोणाची हद्द?

बाहेरून येणाऱ्याला पुणे एक शहर वाटतं. कारभाराच्या दृष्टीने ती अनेक शहरं आहेत. पुणे महानगरपालिका आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका या दोन मोठ्या संस्था. त्याशिवाय पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळं, म्हणजे कॅन्टोन्मेंट. भोवतालच्या गावांत ग्रामपंचायती आणि नगर परिषदा आहेत आणि तिथल्या नियोजनासाठी २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच पीएमआरडीए.

घराची जाहिरात ‘पुणे’ एवढंच सांगते. बालेवाडी पुणे महापालिकेत आणि मुळा नदीपलीकडचं वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. तिथून थोडं पुढे गेलं की हिंजवडी, माण, मारुंजी. कामाच्या दृष्टीने हा भाग शहराचाच आहे, पण तिथला कारभार ग्रामपंचायत, पीएमआरडीए आणि आयटी पार्कपुरती एमआयडीसी यांच्यात वाटला गेला आहे. काही किलोमीटरच्या पट्ट्यात पाणी, कचरा आणि रस्त्याची जबाबदारी तीनदा बदलते.

दुसरी गोष्ट वयाची. पुणे महापालिकेत गावं टप्प्याटप्प्याने आली. १९९७ साली मोठा टप्पा झाला. २०१७ मध्ये ११ गावं आली, त्यांत धायरी, उंड्री, शिवणे, लोहगावचा उरलेला भाग होता. जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली, त्यांत वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, पिसोळी, मांजरी बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी ही नावं आहेत. हद्द एका अधिसूचनेने बदलते. जलवाहिन्या, मैलापाण्याच्या वाहिन्या आणि रुंद रस्ते यायला मात्र वर्षं जातात. म्हणून एजंटला पहिला प्रश्न विचारा, ‘हा सर्व्हे नंबर कोणाच्या हद्दीत येतो आणि कधीपासून?’ उत्तर मिळालं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुचतात.

पाणी: नळाला, बोअरला की टँकरला?

पुणे महापालिकेची मुख्य भिस्त खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर आहे. पूर्वेच्या वडगाव शेरी, खराडी, नगर रस्ता या पट्ट्यासाठी जानेवारी २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी येऊ लागलं. पिंपरी-चिंचवडचा मुख्य स्रोत पवना धरण. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सोडण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे त्या शहरात घर पाहताना साठवणुकीची टाकी किती मोठी आहे, हे आवर्जून बघा. टाकी पुरेशी असेल तर एक दिवसाआड येणारं पाणी घरात जाणवतही नाही.

खरा फरक पडतो तो सोसायटीला नळजोड आहे की नाही, याने. उंड्री, पिसोळी, वाघोली, सूस, पुनावळे अशा वेगाने वाढलेल्या भागांत अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात. टँकरचा खर्च भाड्यात दिसत नाही, तो मेंटेनन्समध्ये येतो. भाडं दोन हजारांनी कमी असलेलं घर मेंटेनन्स धरल्यावर महाग पडू शकतं.

पाण्याच्या शुद्धतेचाही प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि तिथल्या पाण्याच्या स्रोतांची तपासणी करावी लागली. नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं की विहिरीतून थेट, हा प्रश्न त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी आला. तो तुम्हीही विचारा.

सोसायटीच्या सचिवाला किंवा वॉचमनला एवढं विचारायचं:

- महापालिकेचं पाणी येतं का, आणि रोज किती वेळ?
- मे महिन्यात दिवसाला किती टँकर लागतात?
- बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीत मिसळतं का? ते क्षारयुक्त आहे का?
- गेल्या वर्षभरात मेंटेनन्स वाढला का, आणि कशामुळे?

वॉचमनला टँकरचा हिशोब तोंडपाठ असतो. तो सहसा खरं सांगतो, कारण त्याला घर विकायचं नसतं.

कामाचं ठिकाण आणि जाण्या-यायचा वेळ

नकाशावरचे किलोमीटर पुण्यात फारसे उपयोगाचे नाहीत. मोजायचा तो वेळ, आणि तोही सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळातला. रविवारी दुपारी घर बघायला गेलात तर वाकडहून हिंजवडी अगदी जवळ वाटेल. सोमवारी सकाळी भूमकर चौकात उभे राहा, मग खरं अंतर समजेल.

ढोबळ मांडणी अशी. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम असेल तर वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, बाणेर, बालेवाडी. खराडी किंवा विमाननगरला काम असेल तर खराडी, चंदननगर, वडगाव शेरी, वाघोली. मगरपट्टा किंवा हडपसर असेल तर हडपसर, अमानोरा परिसर, मुंढवा, केशवनगर, मांजरी. चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात असेल तर मोशी, चिखली, भोसरी, आणि तळेगाव एमआयडीसी असेल तर तळेगाव किंवा देहूरोड. काम पश्चिमेला आणि घर पूर्वेला असा संसार मांडू नका. वाघोलीहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाचे आयुष्यातले तीन-चार तास दररोज गाडीत जातात, आणि ते मुलांच्या, झोपेच्या आणि तब्येतीच्या वाट्याचे असतात.

नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील आणि दोघांची टोकं वेगळी असतील, तर मध्यावर घर शोधण्यापेक्षा रेल्वे किंवा मेट्रोच्या मार्गावर शोधा. मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. आज एक मार्ग पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि दुसरा वनाज ते रामवाडी असा धावतो. दोन्ही मार्ग शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या स्थानकात एकमेकांना मिळतात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव यांना ती जोडते. तिच्या फेऱ्या मुंबईसारख्या दर पाच मिनिटांनी नसतात, त्यामुळे वेळापत्रक बघूनच तिचा भरवसा धरा. पीएमपीच्या बससाठी थांबा किती लांब आहे यापेक्षा गाडी किती वेळाने येते, हे थांब्यावरच्या नेहमीच्या प्रवाशाला विचारा.

ज्यांना स्वतःच्या दुचाकीवर जायचं आहे त्यांनी महामार्गाचाही विचार करावा. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार जड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नऱ्हे-आंबेगाव भागात राहून रोज त्या रस्त्यावरून जाणार असाल, तर सेवा रस्ता कुठून कुठपर्यंत सलग आहे, ते आधी चालवून बघा.

ओढा, नदी आणि पूररेषा

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते पुण्याने विसरलेलं नाही. पण पुरासाठी धरणच फुटायला हवं असं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला आणि कात्रजपासून सहकारनगरपर्यंतच्या वस्त्यांत, सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. त्यात माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी घुसलं, तेव्हा खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू होता.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई असते. दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी मिळते. फ्लॅट नदीकाठचा असेल तर या रेषा विकास आराखड्यात कुठून जातात, ते आर्किटेक्टकडून किंवा महापालिकेच्या बांधकाम विभागातून पाहून घ्या.

नदी सगळ्यांना दिसते, ओढे मात्र लपलेले असतात. भूगाव-बावधन-पाषाणवरून येणारी रामनदी किंवा वानवडीकडून जाणारा भैरोबा नाला उन्हाळ्यात किरकोळ वाटतो. सोसायटीची मागची भिंत ओढ्याला लागून असेल, पार्किंग तळघरात असेल आणि समोरचा रस्ता उतारावर असेल, तर त्या तिन्ही गोष्टी एकत्र धरून विचार करा. शक्य असेल तर जुलैच्या मोठ्या पावसात त्या गल्लीत एक चक्कर मारा.

नाकाला आणि कानाला विचारा

शहराचा कचरा कुठेतरी जातोच. पुण्याचा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला, पिंपरी-चिंचवडचा मोशीला जातो. वाऱ्याची दिशा बदलली की वास लांबवर येतो, म्हणून त्या बाजूचं घर संध्याकाळी आणि पावसाळ्यात बघा.

लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे. विमाननगर, लोहगाव, टिंगरेनगर, धानोरी या भागांत लढाऊ विमानांचा आवाज रोजचाच. तिथले लोक त्याला सरावतात, पण घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर आधी एक दिवस तिथे थांबून बघितलेलं बरं.

पिंपरी-चिंचवडमध्ये आणखी एक शब्द ऐकू येईल, ‘रेड झोन’. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती आणि दिघीच्या लष्करी क्षेत्राभोवती संरक्षण खात्याने बांधकामावर निर्बंध घातलेले आहेत. या क्षेत्रात तळवडे, रुपीनगर, यमुनानगर, भोसरी, दिघी यांचे काही भाग येतात. इथे घरं स्वस्त मिळतात, पण परवानगी आणि बँकेचं कर्ज अडतं. ‘सगळेच राहतात’ हे ऐकून पैसे देऊ नका. सर्व्हे नंबर रेड झोनच्या नकाशावर तपासा.

दिवसभर घरी कोण असणार?

परिसराची निवड नोकरी करणाऱ्याच्या सोयीने होते आणि तिथला सगळा दिवस मात्र आई-वडिलांना, लहान मुलांना आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला काढावा लागतो. गावात ज्यांचा दिवस देवळाच्या पारावर, ओळखीच्या दुकानात जायचा, ते आई-वडील बाराव्या मजल्यावर एकटे पडतात. म्हणून चालत जाता येईल अशा अंतरात काय आहे, हे त्यांच्या पायांनी मोजा. भाजी, दूध, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, डॉक्टर, बाग, देऊळ, वाचनालय आणि तिथपर्यंत जाणारा फूटपाथ.

या कसोटीवर जुने, हळूहळू वाढलेले भाग नव्या चकचकीत भागांपेक्षा सरस ठरतात. निगडी प्राधिकरणाची आखणी सेक्टरनिहाय झाली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने रस्ते आणि मोकळ्या जागा आधीच राखल्या, म्हणून तिथे आजही ज्येष्ठ माणसं निवांत फिरताना दिसतात. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी इथल्या इमारती जुन्या आहेत, काहींना लिफ्ट नाही, पार्किंगची चणचण आहे, पण दाराबाहेर पडलं की सगळं हाताशी असतं. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, बाणेर-पाषाणची टेकडी यांपैकी एखादी जवळ असणं ही पुण्यातली मोठी चैन आहे, आणि ती भाड्यात वेगळी मोजली जात नाही.

शाळेबाबत आधी मंडळ ठरवा, राज्य मंडळ की सीबीएसई. मग शाळा आणि तिच्या बसच्या मार्गावर घर. अनेक खासगी शाळांचे प्रवेश जूनच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच भरत येतात. मूल दहावीच्या वर्षात असेल तर शक्य झाल्यास ते वर्ष जुन्या शाळेतच पूर्ण करू द्यावं, आणि बदली आधीच झाली असेल तर एकाने पुढे येऊन भाड्याच्या खोलीत राहावं.

गावाकडची वाट

घर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला असावं, या मुद्द्याबद्दल एजंट बोलत नाहीत, पण पुण्याची वस्ती बघितली की तो दिसतो. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची अनेक कुटुंबं कात्रज, आंबेगाव, धनकवडीला दिसतात. सोलापूर-धाराशिव-लातूरकडची हडपसर, मांजरीला. अहिल्यानगर, बीड, छत्रपती संभाजीनगर आणि विदर्भाकडची वाघोली, खराडी, चंदननगरला. नाशिककडची भोसरी-मोशीला. सुटीच्या आदल्या रात्री गाडी शहर न ओलांडता थेट गावाच्या रस्त्याला लागते, आणि गावाहून आलेल्या पाहुण्याला एसटीतून उतरून घर पटकन गाठता येतं.

ज्यांचे आई-वडील गावी आहेत आणि ज्यांना महिन्यातून एकदा तरी जावं लागतं, त्यांनी हा मुद्दा यादीत वरच्या जागी ठेवावा. एसटीने जाणाऱ्यांनी स्वारगेट आणि मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलेलं शिवाजीनगर आगार, या दोन्हींपासूनचं अंतर पाहावं. शिवाय गावाकडची दोन-चार घरं शेजारी असली की पहिल्या वर्षाचा एकटेपणा बराच कमी होतो.

‘प्रस्तावित’ या शब्दाची किंमत

ब्रोशरमध्ये डीपी रोड, रिंग रोड, मेट्रो स्थानक सगळं ‘दोन मिनिटांवर’ असतं. पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात शहरांतर्गत वर्तुळाकार उन्नत मार्ग दाखवला होता. त्या आराखड्याच्या भरवशावर घर घेतलेल्यांची मुलं मोठी झाली, तरी तो मार्ग झाला नाही. भूसंपादन, मोबदला आणि न्यायालयीन दावे यांत रस्त्याचा मधलाच एक तुकडा अडतो आणि दोन्ही बाजूंचा तयार रस्ता बिनकामाचा पडून राहतो.

नियम साधा ठेवा. आज जे वापरता येतं तेवढ्याचेच पैसे द्या. पुढे मेट्रो आली तर तो फायदा. ती नाही आली तरी घर राहण्यालायक असलं पाहिजे.

आधी भाड्याने, मग विकत

नव्या शहरात आल्याबरोबर घर विकत घेण्याची घाई करू नये. अकरा महिन्यांच्या करारावर पसंतीच्या परिसरात राहा. अकरा महिन्यांत मे महिन्याचं पाणी, जुलैचा पाऊस, गणपतीतली वाहतूक आणि डिसेंबरची हवा, सगळं अनुभवास येतं. परिसर मानवला नाही तर सामान उचलून दुसरीकडे जाता येतं. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर असताना तसं करता येत नाही.

महाराष्ट्रात भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानू नका. पोलीस पडताळणी, डिपॉझिट परत करण्याची मुदत, रंगकामाचा खर्च आणि मेंटेनन्स कोण भरणार, हे करारातच लिहून घ्या.

विकत घेताना तीन कागद कधीही सोडू नका. पहिला, महारेराचा नोंदणी क्रमांक. मे २०१७ पासून ही व्यवस्था लागू आहे आणि प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. दुसरा, इमारत पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर नळजोडापासून कर्जापर्यंत सगळीकडे अडचण येते. तिसरा, जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि वकिलाने केलेला टायटलचा शोध. शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे स्वस्त प्लॉट विकणारे बरेच भेटतील. बिगरशेती परवानगी आणि मंजूर रेखांकन नसेल तर तिथे मेहनतीचा पैसा गुंतवू नका.

निर्णय कसा घ्यावा

सगळ्या कसोट्यांवर उतरणारा परिसर पुण्यात नाही, कोणत्याच शहरात नसतो. वाकडला नोकरी जवळ पण गर्दी, कोथरूडला सगळं हाताशी पण भाडं जास्त, वाघोलीला घर मोठं पण पाण्याची काळजी, तळेगावला हवा चांगली पण शहर लांब. म्हणून घरातल्या सगळ्यांनी बसून दोन याद्या करा. एका यादीत ज्याशिवाय चालणारच नाही अशा तीनच गोष्टी. दुसऱ्या यादीत ज्या नसल्या तरी निभेल त्या. पहिल्या यादीत शक्यतो पाणी आणि प्रवासाचा वेळ असावा आणि तिसरी गोष्ट प्रत्येक घराची वेगळी असेल. कोणाची शाळा, कोणाचं हॉस्पिटल, कोणाची गावाकडची गाडी.

मग यादीत बसणारे दोन-तीन परिसर निवडा आणि प्रत्येक ठिकाणी तीन वेळा जा. कामाच्या दिवशी सकाळी, रात्री नऊनंतर आणि रविवारी. सकाळी वाहतूक कळते, रात्री रस्त्यावर दिवे आहेत का आणि बाई-माणसाला एकटीने चालत येता येईल का ते कळतं, आणि रविवारी शेजार कळतो. एका फेरीत आई-वडिलांना बरोबर न्या आणि एका फेरीत मुलांना. जिथे सगळेच ‘इथे राहू’ म्हणतील, तिथेच मग बेडरूम आणि बाल्कनी मोजायला सुरुवात करा.